न लिहिलेले दिवस

६ जानेवारी २००३, सोमवार. राजुरी

पुण्याच्या दवाखान्यातून येऊन आज चार दिवस झाले. निघताना डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "संपतराव, रोज लिहायचं. खोटं लिहिलंत तरी चालेल, पण लिहायचं." मी म्हणालो, खोटं कशाला लिहू? त्या नुसत्या हसल्या.

पंचवीस दिवस झाले, घोट घेतलेला नाही. दुकान उघडलं. महिनाभर बंद होतं, तरी विहिरींवरच्या तीन मोटारी रिवाइंडिंगला येऊन पडल्यात. शालननं दुकानाला हार घातला. संस्कृतीनं शाळेत सगळ्यांना सांगितलं की माझे पप्पा बरे झाले. कशातून बरे झाले, ते तिला विचारलं कुणी तर काय सांगणार, देव जाणे. दुसरीत आहे.

बाईंनी एक चिठ्ठीही दिली आहे. "मंचर. दर गुरुवारी दुपारी चार. बाजारपेठेमागे, वखारीवरची खोली." दारू सोडलेल्यांची मीटिंग असते म्हणे. आपल्याकडे जवळपास तशी दुसरी नाही. जावं की नाही ठरत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मंचरला गेलो. शालनला सांगितलं, तांब्याची तार आणायला चाललोय. वखार काही सापडेना. चहाच्या टपरीवर विचारायचं होतं, पण शब्द तोंडातून निघेना. शेवटी "भजनी मंडळ बसतं ती खोली कुठं?" असं विचारलं. टपरीवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बोट दाखवलं.

लाकडी जिना. खाली चपलांचे सहा जोड. वर एकच माणूस बोलत होता, बाकी सगळे गप्प. नुसता आवाज यायचा, शब्द कळत नव्हते. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून स्पष्ट ऐकू आलं, "संपत."

तिथून जो निघालो तो थेट स्टँडवर. बसमध्ये बसल्यावर वाटलं, तो "संपलं" म्हणाला असेल. तिथं मला कोण ओळखतंय?

१६ जानेवारी, गुरुवार

आज वर गेलो. गेलो म्हणजे नेलं. जिन्याखाली उभा होतो, तेवढ्यात पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ आले. "गेल्या गुरुवारी इथंच उभे होतात ना? चला. पहिल्या दिवशी एकट्यानं चढायचा नसतो हा जिना." त्यांचं नाव रमणलाल, मंचरात कापडाचं दुकान. वर बसल्यावर तेच पहिले बोलले. "आमच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही. आणि मी अठरा वर्षं गल्ल्याखाली बाटली ठेवत होतो. झमकूबाई, म्हणजे माझी आई, जाईपर्यंत म्हणत राहिली की रमणचं डोकं दुखतं म्हणून त्याचे डोळे लाल असतात."

कुणी हसलं नाही. कुणी उपदेशही केला नाही. ज्याचं बोलून होईल त्याच्याकडे सगळे नुसते बघतात.

चालवतात ते सावळेरामभाऊ. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाले. हात हातात घेतला की लवकर सोडत नाहीत. मला म्हणाले, "बोलायचं नसंल तर नको बोलू. पन येत ऱ्हा."

मी फक्त नाव सांगितलं. तेवढ्यानंही शर्ट घामानं ओला झाला.

२० जानेवारी, सोमवार

अशक्तपणा फार. हात थरथरतो, बारीक तारेचं वेटोळं खाचेत नीट बसत नाही. झोप नाही. बाईंनी दिलेली झोपेची गोळी अर्धीच घेतो. मेडिकलवाल्यानं एक टॉनिक दिलं, जेवणानंतर दोन टोपणं. गोड आहे, घशाला जरा झोंबतं. पण अंगात ऊब आली. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

२३ जानेवारी, गुरुवार

मंगळवार-बुधवार काही विशेष घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. बहुतेक झोपूनच होतो.

आज मीटिंगला जानकू बोलला. पार आहुप्याहून येतो, अडीच-तीन तास बसमध्ये बसून. शांत माणूस, बोलताना जमिनीकडे बघतो.

म्हणाला, "आमच्याकडं देवाची राई हाय. तिथली वाळकी काटकी बी कुनी घरी आनत न्हाई. एक दिस गावात बोंब झाली, राईतला झाड तोडला. मोठा झाड व्हता, माझ्या आज्याच्या आज्यानं बघितलेला. गाव खवळला. कोन तोडला त्याला शोधायचा म्हनून पंधरा मानसं निघाली. म्होरं मीच. सगळ्यात मोठा आवाज माझाच व्हता. तीन दिस शोधला. एका गरिबावर आळ घेतला, त्याला मी सोता मारला. चौथ्या दिवशी बायकोनं माझ्या अंथरुनाखालनं कुऱ्हाड काढली. पात्याला चीक तसाच व्हता." मग म्हणाला, "मला आजून बी आठवत न्हाई. आजून बी वाटतंय, दुसऱ्याच कुनी तोडला आसंल."

बिचारा. दारू माणसाला कुठवर नेते.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी संस्कृती केस विंचरून घेत होती. एकदम म्हणाली, "पप्पा, परवा दुसरे पप्पा आले होते."

"कोण दुसरे?"

"तुमच्यासारखेच. शर्टपण तुमचाच होता. शाळेच्या फाटकाशी उभे होते. मी हाक मारली तर म्हणाले, तू कुणाची गं?"

शालनच्या हातातला कंगवा थांबला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती वेणी घालायला लागली. म्हणाली, "पोरगी कायबी बोलते. सपान पडलं असंल."

परवा मी घरात झोपलेलो होतो. शालनलाही ठाऊक आहे. पोरीनं घाबरू नये म्हणून मी हसलो. दिवसभर मात्र जीव थाऱ्यावर नव्हता.

१ फेब्रुवारी, शनिवार

काम भरपूर. टॉनिकची दुसरी बाटली आणली. दोन टोपणांनी आता झोप येत नाही, चार घेतो. औषधच आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आळेफाट्याकडच्या एका शेतकऱ्यानं निरोप धाडला म्हणून त्याच्या विहिरीवर गेलो. मोटार पाणी कमी ओढत होती. म्हणाला, "राव, काल तुमी जोडून गेलात तवापास्नंच अशी करतीया."

"काल? काल मी आलोच नव्हतो."

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

केबलचा जोड पाहिला. टेप गुंडाळून झाल्यावर मी वरून दोरा बांधतो, दोन फेरे उलटे, एक सुलटा. माझ्या वस्तादाची पद्धत. ते वारले, आता या भागात तसा दोरा माझ्याशिवाय कुणी बांधत नाही. जोडावर तोच दोरा होता. तसाच. फक्त आतल्या दोन तारांची अदलाबदल झाली होती, म्हणून मोटार उलटी फिरत होती. मी गुपचूप दुरुस्त करून आलो.

माझी पद्धत कोण चोरतंय? आणि माझं तोंड घेऊन कसा फिरतोय?

६ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं जड. मीटिंगला गेलो नाही. टॉनिक घेऊन पडतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

गावात गडबड. पाटाकडेच्या उसात बिबट्या बसून गेल्याची जागा सापडली. काल दुपारी बायकांनी उसात खसफस ऐकली, कुणीतरी घोरल्यासारखा आवाजही ऐकला. सगळे बघायला गेले, मीही गेलो. ऊस आडवा झालेला, मध्ये माणूसभर लांबीचा खळगा. पाला दबून गुळगुळीत झाला होता. ठसे मात्र कुठंच नव्हते.

एका कडेला माझा मफलर पडला होता.

कुणाचं लक्ष जायच्या आत मी तो उचलून खिशात कोंबला. का कोंबला, मलाच कळलं नाही. मफलर घरी खुंटीला असतो. म्हणजे तो माणूस घरापर्यंत येतो. शालनला विचारलं, घरात कुणी येतं का? ती म्हणाली, "कोन येनार?" आणि पाणी आणायला निघून गेली. हंडा भरलेलाच होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोललो. मी संपत, त्रेसष्ट दिवस झाले. सगळे माझ्याकडे बघत राहिले. निघताना सावळेरामभाऊंनी मिठी मारली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तसेच थांबले, श्वास रोखल्यासारखे. मग खांद्यावर थोपटून एवढंच म्हणाले, "येत ऱ्हा बाबा. कसाबी आसलास तरी येत ऱ्हा."

कसाही म्हणजे?

२४ फेब्रुवारी, सोमवार

मधले दिवस धावपळीचे गेले. आज फार दमलो. टॉनिक घेतलं, गोळीही पूर्ण घेतली. झोप येईल असं वाटतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गाडी दारात लावली आणि आधी वही घेतली.

खोडदच्या गोरखभाऊंनी सकाळीच माणूस पाठवला. तसाच गाडीवर निघालो. ऊन तापलेलं, वारा अजिबात नाही. त्यांच्या शेतापलीकडे त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आहेत. मी पोचलो तेव्हा त्या सगळ्या एकदम वळत होत्या. आवाज नाही, माणूस दिसत नाही. हळूहळू वळल्या आणि एकाच दिशेला तोंडं करून थांबल्या. रोजचं आहे ते, पण आज मला त्यांच्याकडे बघवेना.

हौदापाशी गोरखभाऊंची म्हैस मरून पडली होती. गाभण होती. पाणी प्यायला तोंड लावलं आणि तिथंच कोसळली. पाइपात करंट उतरला होता.

गोरखभाऊ बसूनच बोलले. "संपत, काल तू जोडनी केलीस. मी म्हनलं, उद्या कर, आज तुझं पाय ठरत न्हाईत. तू ऐकलं न्हाईस. रोज सकाळी माझी आई त्या हौदावर हांडा घासती. आज तिचा गुडघा दुखत व्हता म्हनून ती उठली न्हाई. नायतर तिथं म्हैस नसती पडली."

मी देवाची शपथ घेतली. मी नव्हतो, माझ्यासारखा दिसणारा एक माणूस फिरतोय, लोकांना फसवतोय, माझ्या घरातही येऊन जातो. मी पोटतिडकीनं सांगत होतो. गोरखभाऊंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती रागाची नव्हती. ते घाबरले होते.

मेन स्विच पाडून पेटी उघडली. अर्थिंगची तार फेजला जोडलेली होती. वर दोरा. दोन फेरे उलटे, एक सुलटा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. शाळेच्या फाटकापासून म्हशीपर्यंत. माझ्यामागे कुणी लागलंय, पोलिसात जाऊ का, असंही विचारलं. रमणलालशेठ खिडकीबाहेर बघत होते. जानकूनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

सावळेरामभाऊ म्हणाले, "वही लिवतोस ना? हाय का जवळ?"

पिशवीत होती.

"ज्या ज्या दिवशी लोकांनी तुला बघितलं, तो दिवस काढ. काय लिवलंय ते वाच."

मी पानं उलटली. बावीस जानेवारी. काही नाही. दोन फेब्रुवारी. नाही. सात फेब्रुवारी. नाही. पंचवीस फेब्रुवारी. नाही.

"आता त्या त्या दिवसाच्या म्हागचं पान वाच."

वाचलं. मोठ्यानं वाचत होतो. टॉनिक. टॉनिक. टॉनिक. चौथ्या पानावरही तेच. जानकू उठला, शेजारी येऊन बसला आणि माझ्या हातातली वही धरली, कारण ती खाली पडत होती.

"ते औषध हाय," मी म्हणालो.

"त्याच्यात दारूच आसती संपत," सावळेरामभाऊ म्हणाले. "वर गोळी. त्यानं दार उघडतं. मग पाय आपसूक भट्टीवर जात्यात. घरी कोन परत येतं, ते आपल्याला म्हाईत नसतं. मी अशी एस.टी. चालवलीया. पन्नास मानसं बसलेली गाडी. ओतूर ते जुन्नर. आजून तो रस्ता मला आठवत न्हाई."

ते माझ्याबरोबर राजुरीला आले. शालननं त्यांना पाहिलं आणि काही न विचारता धान्याच्या कणगीमागून बाटल्या काढून मांडल्या. टॉनिकच्या सात. बाकीच्या दारूच्या.

मी विचारलं, "बोलली का नाहीस?"

"मागं एकदा बोल्ले व्हते. तवा तुमी विहिरीच्या काठावर जाऊन बसला व्हता पाय सोडून." मग हळूच म्हणाली, "आन् तुमी वहीत लिवाया बसला की खरंच बरं झाल्यासारखं दिसायचा. ते बघाया बरं वाटायचं."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सावळेरामभाऊ कालपासून इथंच आहेत. मला घाम येतो, उलट्या होतात. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं. तरी घरी पडून राहता येत नाही. त्यानं आणखी कुणाच्या विहिरीवर तारा जोडल्या असतील? मला माहीत नाही. मलाच माहीत नाही!

भाऊ माझी गाडी चालवतात, मी मागे बसतो. एकेका वस्तीवर थांबायचं आणि विचारायचं, "मी तुमच्याकडे आलो होतो का?"

लोक आधी हसतात. मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि हसायचे थांबतात.

आज तीन जागा सापडल्या. एका ठिकाणी मी जेवलो होतो. एका ठिकाणी रडलो होतो. तिसऱ्या ठिकाणचा म्हातारा म्हणाला, "तुमी गानं म्हनलं की राव, लई ग्वाड." मला गाणं येत नाही. तिन्ही पेट्या उघडून जोडण्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. एका ठिकाणी अर्थिंगच नव्हती. तिथली सून ओल्या पायानं बटण दाबते.

गोरखभाऊंकडेही गेलो. सांगितलं, मीच होतो. ते म्हणाले, "म्हाईत हाय. पुन्यांदा माझ्या विहिरीवर येऊ नगंस." मी मान हलवली. त्यांची आई दारातून बघत होती, हंडा मांडीवर घेऊन.

२ मार्च, रविवार

खोडदच्या पुढे, नदीच्या अंगाला कुशाबाईंची वस्ती आहे. एकट्या राहतात. वाटेत कुणीतरी म्हणालं, पंधरा दिवसांमागं तिकडून तुमची गाडी येताना दिसली होती. माझ्या वहीत त्या आठवड्याचं एकही अक्षर नाही.

कुशाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आज कोन आलाय? लिवनारा का दुसरा?"

भाऊंनी विचारलं, "म्हंजे काय मावशी?"

"मागं हा आला व्हता. तिथं बाभळीखाली बसला आन् लई रडला. म्हनला, मावशी, माझ्या घरी एक मानूस ऱ्हातो. माझी कापडं घालतो, माझ्या बायकोच्या हातचं खातो. रोज वहीत लिवतो, मी चांगला हाय, मी सोडली. समदं खोटं लिवतो. त्याला मी म्हाईतच न्हाई. म्हनला, मावशी, त्याला सांगा ना, मी बी हाय म्हनावं. मला बी घरी येऊ द्या म्हनावं."

पाठीतून गार काहीतरी उतरत गेलं. भर दुपारी, उन्हात.

"आणि मोटार?" मी कसंबसं विचारलं. "मोटारीला हात लावला मी?"

"लावत व्हतास. मी पेटीम्होरं हुबी ऱ्हायले, म्हनलं आधी माझ्यावर हात टाक. मग बसलास गप. भाकर खाल्लीस, निजलास. उठल्यावर मला वळखलंबी न्हाईस. पानी मागितलंस आन् गेलास."

मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी हात धरून उठवलं आणि डोळ्यांत निरखून पाहिलं, बराच वेळ. काय सापडलं कुणास ठाऊक. शेंगांची ओंजळ माझ्या हातात दिली.

६ मार्च, गुरुवार

मीटिंग. उभा राहिलो, नाव सांगितलं. म्हणालो, मला दारू सोडून आठ दिवस झाले. त्रेसष्ट म्हणालो होतो ते खरं नव्हतं, पण खोटंही बोलत नव्हतो. जानकू म्हणाला, "हां." एवढंच. तेवढं पुरलं.

रात्री हात स्थिर असतो, पण डोळे मिटायची भीती वाटते. डॉक्टरीणबाईंना फोन करून गोळ्या बंद केल्या, टॉनिक तर गेलंच. शालनला सांगितलं, ज्या दिवशी मी लिहिणार नाही, त्या दिवशी तू लिही. मी कसाही असलो तरी लिही. ती म्हणाली, "मला शुद्ध लिवाया येत न्हाई." मी म्हणालो, जे बघशील तेच लिही.

१३ मार्च, गुरुवार

मी शालन लिहिते आहे. ह्यांनी सांगितलं होतं म्हणून.

हे मीटिंगला गेले. साडेसहाच्या गाडीनं येतो म्हणाले होते. गाडी आली, त्यात नव्हते. त्याच्या मागच्या गाडीत पण नव्हते. संस्कृती दोनदा रस्त्यावर बघून आली. मी कणगीमागं बघितलं. काय नव्हतं. परत बघितलं.

मग शेजारच्या घरून हाक आली, तुमचा फोन आहे. पायात चप्पल घालायची पण विसरले. सावळेरामभाऊ बोलत होते. म्हणाले, "वैनी, नारायनगावच्या अलीकडं ट्रक उलटलाय, रस्ता बंद हाय. संपत आज माझ्याकडंच ऱ्हातोय. सकाळच्या पयल्या गाडीनं येईल." मी म्हणाले, त्यांना द्या.

आधी नुसता श्वास ऐकू आला. मी बारा वर्षं तो श्वास ओळखत आले, दाराबाहेरनं पण ओळखते, कुठला आहे. हा साधा होता. तरी मी विचारलं, "कोन बोलतंय?"

मग म्हणाले, "अगं, मीच."